कळसाला नमस्कार

दूधगंगेच्या काठच्या सदलग्यातील वृद्ध भाविक वाडीच्या दत्ताला निघाला, की त्याच्या मनापुढे प्रथम घाटाच्या पायऱ्या उभ्या राहतात. खिद्रापूरच्या कोपेश्वराचे शिलाहारकालीन मंदिर दगडी हत्तींनी आपल्या पाठीवर तोलले आहे. थकल्या गुडघ्यांच्या भक्ताला तोलावयास मात्र नातवाचा खांदाच लागतो. उंच जोते व दगडी उंबरठा ही आपली जुनी रीत. नदीकाठी त्या उंचीला पुराचे कारणही होते, हे विसरून चालणार नाही. ज्यांना चढवत नसे त्यांच्यासाठी डोली, पाठुंगळी, नाहीतर बाहेरूनच कळसाला नमस्कार.

इमारत सर्वांसाठी एकदमच आखावी, हा विचार अमेरिकेतील वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी आयुष्यभर मांडला. त्यांना नवव्या वर्षी पोलिओ झाला. महाविद्यालयात त्यांना जिन्यावरून उचलून न्यावे लागे. १९८५ साली त्यांनी ह्या विचारास 'सार्वत्रिक आखणी' अशा अर्थाचे नाव दिले. १९९७ साली तिची सात तत्त्वे सिद्ध झाली आणि पुढल्याच वर्षी मेस निवर्तले. आज असा सल्ला देणे हा स्वतंत्र व्यवसायच झाला आहे.

आपल्या बाजूस ह्या कार्याचे नाव घ्यावे तर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे. ऐन उमलत्या वयात कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या ह्या बाईंनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन. पदवीधर सल्लागार त्या नव्हेत; पण कोठे अडते हे ज्याला रोज अडते त्याच्याइतके कोण जाणणार?

सल्लागाराचे काम दिसावयास साधे. तो टेप घेऊन उंबरठे मोजतो, दारांची रुंदी पाहतो, आंधळ्याच्या काठीला कोठे काय लागेल ते तपासतो. उताराचे गणित मात्र कठोर आहे: एक फूट चढावयास बारा फूट लांबी. तीन फुटी जोत्याला म्हणून ३६ फूट उतार हवा, शिवाय मध्ये विसाव्याची सपाट जागा. ती नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी घसरगुंडी बांधून समाधान मानतात. तीपेक्षा पायऱ्या बऱ्या!

१९९५ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत धार्मिक उपयोगाच्या इमारतीही स्पष्टपणे आल्या आहेत. जीर्णोद्धाराच्या सभांतून संगमरवर व कळस यांवर तासन् तास चर्चा होते. ह्या कलमाचा उल्लेख क्वचितच निघतो. निघाला, तर उतार मागच्या बाजूस, स्वयंपाकघराजवळ सुचविला जातो. तो महाद्वारापाशीच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्त्यावरची चाके देवळात कशी न्यावीत, हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याला उत्तरही आहे. देवस्थानाने स्वतःची एक खुर्ची दाराशी ठेवावी. बाहेरची खुर्ची तिथेच थांबेल. गाभाऱ्याच्या आचारास त्यात कोठेच बाध येत नाही. दर्शन सभामंडपातूनच व्हावयाचे आहे, इतर भक्तांना होते तसेच.