अल्पकार्बन वाहतूक इंधने : शासकीय धोरण आणि बीड जिल्हा

अल्पकार्बन वाहतूक इंधने : उत्पादनापासून ज्वलनापर्यंतचा हिशोब धरता पेट्रोल वा डिझेलपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड वातावरणात सोडणारी, वाहने चालविण्यासाठी वापरली जाणारी इंधने व ऊर्जास्रोत. इथेनॉल, बायोडिझेल, संपीडित जैववायू, हरित हायड्रोजन आणि नवीकरणीय स्रोतांपासून मिळणारी वीज यांचा त्यांत समावेश होतो. यांविषयीचे मूळ धोरण केंद्र शासन ठरविते व राज्य शासन त्याला पूरक सवलती देते. बीड जिल्ह्याचा या धोरणाशी येणारा संबंध प्रामुख्याने उसाद्वारे असल्याने येथे इथेनॉलचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

इथेनॉल : पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला येथे झाले, आणि २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाची योजना लागू करण्यात आली, मात्र पुरवठा व दर या दोन्ही बाबतींत अडचणी राहिल्याने २०१३-१४ मध्येही देशातील मिश्रणाचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच होते. राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने (२०१८) उसाचा रस आणि बी-हेवी मळी, म्हणजे साखरेचा बराच अंश शिल्लक असलेली मळी, यांपासून इथेनॉल करण्यास वाट मोकळी करून दिली आणि कच्च्या मालानुसार वेगवेगळे खरेदीदर ठरू लागले, तेव्हा कारखान्यांच्या दृष्टीने इथेनॉल हे आसवनीचे दुय्यम उत्पादन न राहता साखरेच्या बरोबरीचे उत्पादन झाले. २०२२-२३ च्या पुरवठा वर्षात रसापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ६५.६१ रु., बी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलला ६०.७३ रु. व सी-हेवी (साखर जवळजवळ पूर्ण काढून घेतलेल्या) मळीपासूनच्या इथेनॉलला ४९.४१ रु. असा दर होता. जैवइंधन धोरणातील २०२२ च्या दुरुस्तीने २० टक्के मिश्रणाची मुदत २०३० वरून २०२५-२६ वर आणली गेली. जून २०२२ मध्ये १० टक्के व २०२५ मध्ये २० टक्के मिश्रण साध्य झाले.

ही चढती कमान अखंड राहिली नाही. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर साखरेचा साठा राखण्यासाठी केंद्राने ७ डिसेंबर २०२३ रोजी रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, आठवडाभरातच ती शिथिल करून इथेनॉलकडे वळवावयाच्या साखरेवर १७ लाख टनांची मर्यादा घातली आणि पुढील पुरवठा वर्षासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठविले. गाळप हंगाम सुरू झालेला असताना आलेल्या या आदेशाने कर्ज काढून आसवनी उभारलेल्या कारखान्यांचे गणित बिघडले, तर इथेनॉलच्या एकूण पुरवठ्यात मका व इतर धान्यांचा वाटा उसापेक्षा अधिक झाला.

बीडमधील ऊस व पाणी : जिल्ह्यातील ऊस मुख्यतः गोदावरीकाठ, सिंदफणेवरील माजलगाव धरण आणि मांजरेवरील धनेगावचे धरण यांच्या लाभक्षेत्रांत होतो. तेलगाव, पांगरी, गढी, आनंदगाव इ. ठिकाणी साखर कारखाने उभारले गेले. त्यांपैकी काही सहकारी, तर काही खाजगी आहेत. नीती आयोगाच्या इथेनॉल मिश्रणाविषयीच्या २०२१ च्या आराखड्यानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यासाठी शेतातील पाण्यासह सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या आणि वारंवार टँकरवर विसंबणाऱ्या जिल्ह्यात या आकड्याला मिश्रणाच्या टक्केवारीइतकेच महत्त्व दिले पाहिजे. मराठवाड्यात ऊस घेणे कितपत योग्य, याविषयी अभ्यासकांत, शेतकऱ्यांत व प्रशासनात मतभेद आहेत.

ऊसतोड कामगार : राज्यातील इथेनॉल-अर्थव्यवस्थेला बीडने पुरविलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे श्रम. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी आदी तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून (मजूर पुरविणाऱ्या मध्यस्थाकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते व मजुरी टनावर ठरते. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ व कामगार संघटना यांच्यातील करारान्वये ती ३४ टक्क्यांनी वाढली. इथेनॉलच्या दराशी या मजुरीची सांगड नाही. जैवइंधन धोरणातील कार्बनच्या हिशोबातही तोडणाऱ्याच्या आरोग्याला स्थान नाही. जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली; त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले असून, गाळलेल्या उसावर कारखान्यांनी टनामागे १० रु. द्यावेत, अशी त्याच्या निधीची तरतूद आहे.

संपीडित जैववायू : प्रेसमड (उसाचा रस गाळताना उरणारा गाळ) यासारख्या टाकाऊ पदार्थांपासून हा वायू मिळतो. शहरी वायुपुरवठ्यात तो मिसळण्याचे बंधन २०२५-२६ मध्ये १ टक्क्यापासून सुरू होऊन २०२८-२९ पर्यंत ५ टक्क्यांवर न्यावयाचे आहे.

विद्युत वाहने : राज्याची धोरणे २०१८, २०२१ व २०२५ मध्ये जाहीर झाली. एस.टी. महामंडळाची ‘शिवाई’ ही विद्युत बस १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. अशा वाहनांचे अल्पकार्बनत्व वीज कशापासून होते यावर अवलंबून असते. जिल्ह्यात परळीचे औष्णिक केंद्र कोळशावर चालते, तर बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या आहेत.

रेल्वे : भारतीय रेल्वेने २०३० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किमी. मार्गावर बीडपर्यंतची प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली, ती डिझेलवर चालणारी (डेमू) होती.



हवाई वाहतूक : आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात शाश्वत विमान इंधनाचे प्रमाण २०२७ मध्ये १, २०२८ मध्ये २ व २०३० मध्ये ५ टक्के असावे, असे सूचक उद्दिष्ट केंद्राने ठरविले आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने तयार केलेले असे मिश्र इंधन वापरले होते. हे इंधन करण्याच्या पद्धतींपैकी एकीत इथेनॉल हाच कच्चा माल असतो, त्यामुळे पेट्रोलसाठी लागणाऱ्या त्याच उसावर व मक्यावर या उद्दिष्टाचाही भार पडू शकतो.