सकळ लिपीचे कुलूप

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे अकोल्या-अमरावतीकडच्या भाविकांना गोविंदप्रभूंचे स्थान म्हणून ठाऊक आहे. भाषेच्या अभ्यासकांना ते मराठी गद्याचे माहेर वाटते. येथेच म्हाइंभटांनी सुमारे १२७८ साली चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे केशिराजबासांना संस्कृतात ग्रंथ लिहावासा वाटला, तेव्हा आचार्य नागदेवांनी त्यांना आवरले. कारण साधे होते : संस्कृतात लिहिले तर पंथातील साधीभोळी माणसे ज्ञानाला मुकतील!

चौदाव्या शतकात मात्र पंथाच्या पोथ्या ‘सकळ’ नावाच्या सांकेतिक लिपीत उतरू लागल्या. तिचे कर्तृत्व रावळोबासांकडे दिले जाते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा खूण लिहावी, अशी तिची रीत. पवित्र वचने अनधिकाऱ्याच्या हाती पडू नयेत, ही त्यामागची भावना. पंथ पंजाबपर्यंत गेला. तिकडच्या मठांतही पोथ्या मराठीच राहिल्या. पण कुलूप चोराला अडविते तसे घरच्यालाही अडविते. पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपलेच आद्य गद्य कित्येक शतके वाचता आले नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या खटपटीने हे कुलूप निघाले. पुढे ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ छापून आणले. १९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती निघाली. या विद्वानांनी लिपी बालबोध केली, पण जुनी रूपे व जुने प्रत्यय जपले. वाचकाच्या सोयीसाठी तीही बदलली असती, तर तेराव्या शतकाचा आवाज आपल्या कानी कसा पडता?

संगणकाच्या कार्यप्रणालींविषयी हाच वाद आज चालतो. एक पक्ष म्हणतो, दुसऱ्या प्रणालीवरचे तयार साधन उचलून आणा, काम भागेल. दुसरा म्हणतो, अशाने आपल्या प्रणालीचे मूळ वळणच पुसले जाईल. मराठीला हा प्रश्न नवा नाही. आरंभीच्या अनेक मराठी फाँटांची संकेतरचना आपापली असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की भलत्याच अक्षरांची खिचडी दिसे. ही दुसरी सकळ लिपीच म्हणावयाची! १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तीत देवनागरीला जागा मिळाली, आणि हळूहळू हेही कुलूप निघाले. परंतु देवनागरी हिंदीचीही लिपी आहे, आणि मराठीतला ‘ऱ्य’ हिंदीला लागत नाही. केवळ सोय पाहून तो गाळला असता, तर समुद्राचा ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ एकच होऊन बसल्या असत्या.

त्याच रिद्धपुरात २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. जुन्या पोथ्या नव्या यंत्रावर चढविणाऱ्या तरुणांना तेथून एकच धडा घेता येईल. ताडपत्र, कागद, पडदा ही वाहने आहेत. ती खुशाल बदलावीत. मात्र ज्याच्या बदलाने अर्थ हलतो, ते जसेच्या तसे पलीकडे न्यावे, मग त्यासाठी यंत्राला थोडे वाकावे लागले तरी चालेल.