डोळे उघडे, पण भान हरपलेले : ‘महामार्ग संमोहन’ म्हणजे काय?

बऱ्हाणपूर : केळीची गाडी भरली की ती रात्रीच मार्गाला लागते. माल पिकण्याआधी बाजार गाठायचा असतो. आपल्या भागातल्या कितीतरी ड्रायव्हरांची रात्र अशी स्टिअरिंगवरच जाते. गाडी ठीक, रस्ता मोकळा, ड्रायव्हर प्यायलेला नाही, तरी अपघात होतो. मग लोक म्हणतात, ‘डोळा लागला असेल.’ पण कधी कधी डोळा लागण्याआधीच लक्ष गेलेले असते. यालाच महामार्ग संमोहन म्हणतात.

नेमके काय होते?

सरळ, एकसारख्या रस्त्यावर बराच वेळ एकाच वेगाने गाडी चालवली की मेंदूला नवे काही मिळत नाही. हात-पाय सवयीने काम करतात, नजर पुढेच असते, पण समोर दिसलेले मनापर्यंत पोहोचत नाही. मागचे दहा किलोमीटर कसे गेले, हे आठवतच नाही. झोप पुरी झालेल्या माणसालाही हे होऊ शकते. त्यात थकवा असला तर पुढची पायरी म्हणजे काही सेकंदांची डुलकी.

हा प्रकार आजचा नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकातच यावर लिहिले गेले. ‘हायवे हिप्नोसिस’ हा शब्द १९६३ मध्ये जी. डब्ल्यू. विल्यम्स यांच्या लेखानंतर रूढ झाला.

घाटात नाही, सरळ रस्त्यावर

खंडव्याकडे जाताना असीरगडच्या घाटात ड्रायव्हरला उसंत नसते. वळण, गिअर, ब्रेक, समोरून येणारा दिवा. घाटाचे धोके वेगळे, पण तिथे माणूस जागा राहतो. घाट संपून रस्ता सरळ झाला की अंग सैल पडते आणि झापड येते.

याचे सर्वात मोठे उदाहरण शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातून जाते. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. सिग्नल नाही, चौक नाही, गाव नाही. सुरुवातीला चहाला थांबायलाही धड जागा नव्हती. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ प्रवासी गेले. अशा अपघाताला एकच कारण चिकटवता येत नाही. पण त्या वर्षी नागपूरच्या व्हीएनआयटीतील अभ्यासकांनीही समृद्धीच्या संदर्भात महामार्ग संमोहनाकडे लक्ष वेधले.

तीन सेकंदांचा हिशेब

ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंद भान गेले तर १०० मीटर गाडी बिनमाणसाची. रात्री २ ते पहाटे ६ आणि दुपारी २ ते ४ या वेळा जास्त घातक, कारण तेव्हा शरीरच झोप मागते.

ही लक्षणे ओळखा

- वारंवार जांभई, पापण्या जड होणे
- बोर्ड किंवा फाटा कधी गेला ते न कळणे
- गाडी पट्ट्याबाहेर सरकणे, वेग आपोआप कमी-जास्त होणे
- मान एकदम खाली जाऊन दचकणे

काय करावे?

काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे याने थोडा वेळच बरे वाटते. खरा उपाय थांबणे. दर दोन तासांनी उतरून चार पावले चाला. डोळे मिटत असतील तर रस्त्याच्या कडेला नको, ढाब्यावर किंवा पंपावर गाडी लावा. चहा-कॉफी घेऊन १५-२० मिनिटे पडा. कॉफीचा असर साधारण अर्ध्या तासाने होतो, तोवर डुलकीही होते. सलग एकाच वेगाने जाऊ नका, आरसे बघत राहा. क्लीनर किंवा शेजारचा माणूस जागा ठेवा.

मालकांनीही लक्षात घ्यावे

मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असा नियम २०२५ पर्यंत होता. ‘सकाळपर्यंत पोहोचलाच पाहिजेस’ असे फोनवर सांगताना हा हिशेब धरावा. लांबच्या खेपेला दुसरा ड्रायव्हर द्यावा. अर्ध्या तासाच्या उशिराने केळीचा भाव थोडाफार पडेल, पण माणूस घरी येईल.