जंजिरा

जंजिरा : महाराष्ट्रातील इतिहासप्रसिद्ध जलदुर्ग व भूतपूर्व संस्थान. हा रायगड जिल्ह्यात, मुरूडच्या दक्षिणेस, राजपुरी खाडीच्या मुखाशी एका खडकाळ बेटावर वसला आहे. बेटाचे क्षेत्रफळ सु. ९ हेक्टर आहे. अरबीतील ‘जझीरा’ (बेट) या शब्दावरून जंजिरा हे नाव रूढ झाले. येथील हबशी सत्ताधीशांमुळे भोवतालच्या मुलखास ‘हबसाण’ म्हणत.

परंपरेनुसार पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजपुरीच्या कोळ्यांनी चाचे लोकांपासून संरक्षणासाठी बेटावर लाकडी मेढेकोट उभारला. त्यांचा प्रमुख राम पाटील होता. पुढे व्यापाऱ्याच्या मिषाने आलेल्या पिरमखान या निजामशाही सरदाराने तो हस्तगत केला, अशी कथा आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेढेकोटाच्या जागी दगडी तट बांधण्यास प्रारंभ झाला. निजामशाहीच्या अस्तानंतर (१६३६) सिद्दी विजापूरचे अंकित बनले. सिद्द्यांचे प्रमुखपद दीर्घकाळ केवळ वंशपरंपरेने न चालता सरदारांतील कर्तबगार व्यक्तीकडे जाई.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या वेढ्यामुळे सिद्दी फत्तेखान किल्ला देण्यास तयार झाला. परंतु संबूल, कासीम व खैर्यत या त्याच्या सहकाऱ्यांनी त्यास कैद करून मोगलांचा आश्रय घेतला. त्यानंतर सिद्दी हे मोगलांचे आरमारप्रमुख बनले आणि त्यांना मोगलांकडून द्रव्यसाहाय्य मिळू लागले. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यास शह देण्यासाठी जवळच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. १६८२ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी समुद्रात दगड व लाकूड टाकून बेटापर्यंत सेतू बांधण्याचा प्रयत्न केला. पण मोगल फौजा कोकणात उतरल्याने तो सोडावा लागला. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखानाने इंग्रजांच्या मुंबईवर स्वारी केली. १७३३ मध्ये मराठ्यांनी सिद्द्यांकडून रायगड परत मिळविला. १७३६ मध्ये चिमाजी आप्पाने सिद्दी सात यास लढाईत ठार केले, त्यामुळे सिद्द्यांचा जोर ओसरला. मात्र जंजिरा अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिला.

जंजिऱ्याच्या अजिंक्यपणाचे श्रेय केवळ तटबंदीस देता येत नाही. ओहोटीतही तटाभोवती राहणारे पाणी, आतील गोड्या पाण्याची तळी, दूर पल्ल्याच्या तोफा, आरमार आणि मोगलांचे पाठबळ अशा अनेक कारणांचा तो परिणाम होता. वारंवार होणाऱ्या मोहिमांची झळ मात्र दोन्ही बाजूंच्या किनाऱ्यावरील रयतेस सोसावी लागली.

ब्रिटिश अमदानीत जंजिरा हे मांडलिक संस्थान होते. काठेवाडातील जाफराबादही त्याच्या अंमलाखाली होते. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानची राजधानी मुरूड येथे होती.

किल्ल्याचे महाद्वार राजपुरीकडे असून तटाच्या वळणामुळे ते दुरून चटकन दिसत नाही. त्यावर हत्तींना पंजांत पकडलेल्या पशूचे शिल्प आहे. पश्चिमेस दर्या दरवाजा आहे. तट सु. १२ मी. उंच असून बुरुजांवर अद्यापि अनेक तोफा आढळतात. त्यांपैकी ‘कलालबांगडी’ ही सर्वांत प्रसिद्ध होय. सुरूलखानाचा वाडा, मशीद, पीर पंचायतन व दोन तळी ही आतील प्रेक्षणीय स्थळे होत. राजपुरीजवळील खोकरी येथे सिद्दी प्रमुखांच्या तीन दगडी कबरी आहेत. मुरूडला नबाबाचा राजवाडा व टेकडीवरील दत्तमंदिर असून समुद्रात पद्मदुर्ग दिसतो.

एके काळी तटाच्या आत मोहल्ले व नांदती वस्ती होती. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर उपजीविकेची साधने आटल्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती किनाऱ्यावर स्थलांतरित झाली. तीन शतके शत्रूस दाद न देणारे बेट अशा रीतीने शांततेच्या काळात ओस पडले. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून राजपुरीहून शिडाच्या होड्यांनी तेथे जाता येते.