लहान ट्रॅक्टर, भंगार आणि आपला इतिहास

शाळेच्या इतिहासात ट्रॅक्टर येतो तो हरितक्रांतीच्या धड्यात आणि तोही एका ओळीत. सुधारित बियाणं, रासायनिक खतं, सिंचन आणि यंत्रं. परीक्षेला एवढं पुरतं. पण आपल्या भागात ट्रॅक्टर कधी आला, कोणता आला, त्याने कोणाचं काम हलकं केलं आणि कोणाचं हिरावलं, हे पुस्तकात सापडत नाही. तो इतिहास गोठ्याच्या मागे गंजत उभा असतो आणि एक दिवस किलोच्या भावाने विकला जातो.

१९५६ पर्यंत आपला वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढली. अमेरिकन सैन्याने युद्धानंतर मागे ठेवलेले ट्रॅक्टर तिच्या हाती आले. काम होतं कांस उपटण्याचं. कांसाची मुळं एवढी खोल जातात की बैलजोडीच्या नांगराला ती दाद देत नाहीत. १९४९ मध्ये जागतिक बँकेने याच कामाच्या यंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. म्हणजे पहिला ट्रॅक्टर शेतकऱ्याचा नव्हताच. तो सरकारचा होता, अवजड होता, आणि कास्तकाराने तो धुऱ्यावर उभं राहून पाहायचा होता.

त्याच काळात वर्ध्याच्या मगनवाडीत दुसराच विचार चालू होता. जे. सी. कुमारप्पा तिथून ग्रामोद्योगाचं काम पाहत. कोळसा आणि तेल हे साठे आहेत, वापरले की संपतात. बैलाची ताकद मात्र वावरातल्या चाऱ्यावर वर्षानुवर्षं चालते आणि वर शेणही देते, असा त्यांच्या मांडणीचा मथितार्थ. ट्रॅक्टरचं तेल बाहेरून, सुटे भाग बाहेरून, दुरुस्तीही बाहेरून. मग गावाच्या हाती राहिलं काय? प्रश्न बिनतोड होता आणि आजही आहे. तो मनात ठेवूनच पुढचं वाचा.

१९६१-६२ साली अख्ख्या देशात ८८० ट्रॅक्टर तयार झाले. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ हा ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बनू लागला. जुन्या लोकांना तो लाल ट्रॅक्टर आठवत असेल. याच इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये तिकडे अमेरिकेत 'कब कॅडेट' नावाचा एक चिमुकला ट्रॅक्टर काढला होता. इंजिन फक्त ७ अश्वशक्तीचं. घराभोवतीचं गवत कापायचं, परसबाग नांगरायची, हिवाळ्यात बर्फ लोटायचा, एवढं त्याचं काम. असे जुने बागेचे ट्रॅक्टर शोधून आणायचे, खोलायचे, पुन्हा चालते करायचे, हा तिकडे हजारो लोकांचा छंद आहे. ते आणायला कोणती गाडी घ्यावी यावरही तिकडे तासन् तास चर्चा होते.

गंमत बघा. ज्या कंपनीने तो चिमुकला काढला तिने आपला बागेच्या यंत्रांचा धंदा १९८१ मध्ये विकला आणि १९८५ मध्ये शेतीयंत्रांचाही. इकडे कांदिवलीची कंपनी १९७७ मध्ये महिंद्रमध्ये विलीन झाली आणि आज संख्येच्या हिशेबाने महिंद्र जगातली सर्वांत मोठी ट्रॅक्टर कंपनी आहे. खोड वाळलं, पण फांदी बहरली.

आपल्याकडे बागेचा ट्रॅक्टर म्हणजे छंदाची वस्तू नव्हे, पोटाची गरज. बंगळूरची व्ही. एस. टी. ही १९६७ ची कंपनी. जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने तिने आधी पॉवर टिलर आणि नंतर साडेअठरा अश्वशक्तीचा 'मित्सुबिशी शक्ती' हा लहान ट्रॅक्टर आणला. संत्र्याच्या दोन ओळींमधून, फांद्यांखालून जाईल एवढा अरुंद आणि बुटका. पऱ्हाटीत डवरणीला मोठा ट्रॅक्टर घालता येत नाही, झाडं तुडवली जातात. शिवाय आपली काळी माती ओली असली की जड यंत्राला गिळते आणि सुकली की त्याच्या चाकाखाली दगडासारखी दबून बसते. बैलजोडी परवडेनाशी झाली, सालदार मिळेनासा झाला, तेव्हा डवऱ्याची जागा या लहान ट्रॅक्टरने घेतली. पुढे महाराष्ट्र सरकारने अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर देण्याची योजना आणली, तेव्हा ज्यांच्या दाराशी कधी बैलजोडीही उभी नव्हती अशा घरांपुढेही ट्रॅक्टर आला. ही लहानसहान गोष्ट नाही.

आता आमच्या घरची हकिकत. माझ्या पुतण्याच्या सासऱ्यांनी कारंजा घाडगे तालुक्यात संत्र्याच्या बागेसाठी असाच एक लहान ट्रॅक्टर घेतला होता. बाग गेली, सासरे गेले, ट्रॅक्टर गोठ्यात राहिला. भंगारवाला दोनदा येऊन तोलून मापून गेला. पुतण्या म्हणाला, "काका, सातशे किलोही भरायचा नाही. कशाला जीव टाकता?" मी त्याला म्हटलं, तुझ्या बायकोचं शिक्षण त्याने केलं आहे, निदान मिस्त्रीला दाखवू. मिस्त्रीने पंख्याला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, इंजिन जाम आहे, मेलं नाही."

जाम झालेल्या इंजिनाशी जबरदस्ती करत नाहीत. नोझल काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल सोडायचं, चार-आठ दिवस मुरू द्यायचं, मग हाताने थोडं पुढे, थोडं मागे करत पिस्टन मोकळे करायचे. डिझेलची टाकी आतून गंजलेली असते; ती साफ न करता इंजिन चालवलं तर तो गंज थेट पंपात आणि नोझलमध्ये जातो. रबराचे पाइप आणि ऑइल सील कडक झालेले असतात, ते बदलायचेच. रंग सगळ्यांत शेवटी. बहुतेक लोक आधी रंग देतात, म्हणजे आजाऱ्याला नवरदेवाचे कपडे घालण्यासारखंच!

पण त्याआधी तो आणायचा कसा? कारंज्याहून आमच्या वडनेरला यायचं म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, त्यात हिंगणघाटपासून पुढे नागपूर-हैदराबाद हमरस्ता. ओढत आणणं गावात ठीक, हमरस्त्यावर नाही. दोराने ओढलं तर मागच्याला थांबवणारं कोणी नसतं. पुतण्याने आधी छोटा हत्ती ठरवला. २००५ मध्ये टाटांची ही गाडी आली तेव्हापासून आपल्याकडची अर्धी बाजारपेठ तिच्यावर चालते. वजन सुमारे पाऊण टन झेपतं, म्हणजे हा ट्रॅक्टर कागदावर बसतो. पण ट्रॅक्टर साडेआठ फुटांच्या आसपास आणि गाडीचा डाला सातच्या. मागची चाकं फाळक्याबाहेर ठेवून एवढा प्रवास करणं म्हणजे संकटाला आमंत्रण. ४०७ लागते ती बी-२७५ सारख्या दीड टनाहून जड ट्रॅक्टरला. आम्हाला नऊ फुटी डाल्याचा पिकअप पुरला.

बंडी हाकलेल्यांना एक शब्द आठवेल, उलाळ. मागे भार जास्त झाला की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ट्रॅक्टरचा भार बहुतेक मागच्या बाजूला. तो तोंडाकडून चढवला तर जड बाजू पिकअपच्या मागच्या टोकाला येते आणि गाडीची पुढची चाकं हलकी होतात. म्हणून पाठीकडून चढवायचा, म्हणजे जड बाजू ड्रायव्हरकडे येते. आम्ही नाल्याच्या काठचा उंचवटा बघून पिकअप त्याला लावला, मध्ये लोखंडी चॅनल टाकले, पुढे चेन-पुली लावून सावकाश ओढला. साखळ्या एक्सलला बांधल्या, मडगार्डला नाही, आणि चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे दिले. बंडीचं शहाणपण पिकअपला लागू पडलं, याचं मला फार बरं वाटलं.

आता कुमारप्पांच्या प्रश्नाकडे येतो. डिझेल आजही बाहेरूनच येतं आणि ट्रॅक्टर शेण देत नाही, याला उत्तर नाही. पण दुरुस्तीच्या बाबतीत गाव रिकाम्या हाताचं राहिलं नाही. हिंगणघाटचा लेथवाला, टाक्याला डाग देणारा, गावचा मिस्त्री, यांनी परक्या यंत्राला आपलंसं केलं. जे यंत्र आपल्या तालुक्यात खोलता आणि जोडता येतं, ते निम्मं तरी आपलं झालं, असं मी म्हणेन. आजच्या नव्या यंत्रांत कॉम्प्युटर शिरतो आहे. ती गावात खोलता येतील का, हा कुमारप्पांचाच प्रश्न नव्याने उभा आहे. जुना लहान ट्रॅक्टर चालता ठेवण्याचं मोल मला त्यात दिसतं.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात १९३८ पासून चरखे आणि ग्रामोद्योगाची साधनं जपली आहेत. सिंदीच्या तान्हा पोळ्यात लाकडी बैल पिढ्यान् पिढ्या मिरवतात. ट्रॅक्टरला मात्र अशी जागा कुठे नाही. प्रत्येक ट्रॅक्टर ठेवा असं मी म्हणत नाही. कास्तकाराला पैशाची नड असते आणि भंगाराचे पैसेही पैसेच. पण विकण्याआधी त्याचं आर. सी. बुक, कर्जाची पावती आणि पहिल्या पूजेचा फोटो एवढं तरी बाजूला काढा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा की तो कोणत्या साली आला, किती गहाण टाकून आला, आधी कोणती बैलजोडी होती आणि ती कुठे गेली. एका वहीत उतरवून ठेवा. आमच्या सुनेने वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर तिने वडिलांचं नाव लिहिलं आणि खाली एमएच ३२ ने सुरू होणारा तो नंबर.