‘टू मीट’ की ‘टू मीटिंग’? इंग्रजीत ‘टू’ आणि ‘आयएनजी’ यांतलं नेमकं काय वापरायचं?

‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.’ ऑफिसच्या मेलमध्ये हे वाक्य सर्रास दिसतं. पण इथे ‘मीट’ नाही, ‘मीटिंग’ हवं. ‘आय एन्जॉय टू रीड’ हेही चुकीचं. बरोबर आहे ‘आय एन्जॉय रीडिंग’. मग ‘आय वॉन्ट टू रीड’ कसं चालतं?

इन्फिनिटिव्ह आणि जेरंड म्हणजे काय?

‘टू रीड’, ‘टू गो’ या रूपांना इन्फिनिटिव्ह म्हणतात. क्रियापदाला ‘आयएनजी’ लागून ते नामाचं काम करू लागलं की तो जेरंड. ‘स्विमिंग इज फन’ यात ‘स्विमिंग’ जेरंड आहे. ‘शी इज स्विमिंग’ यात मात्र तो नाही, तिथे चालू काळ आहे.

मराठी माणसाचा गोंधळ का होतो?

‘मला पोहायला आवडतं’ आणि ‘मी पोहायला शिकतो’ या दोन्ही वाक्यांत मराठीत ‘पोहायला’ हे एकच रूप येतं. इंग्रजीत मात्र ‘एन्जॉय स्विमिंग’ आणि ‘लर्न टू स्विम’ अशी दोन रूपं होतात. कोणतं रूप घ्यायचं, हे आधीचं क्रियापद ठरवतं.

कोणत्या क्रियापदानंतर काय?

• ‘टू’ येतो: वॉन्ट, डिसाइड, होप, प्लॅन, प्रॉमिस, अ‍ॅग्री, रिफ्यूज
• ‘आयएनजी’ येतो: एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट, अ‍ॅडमिट, डिनाय, माइंड
• दोन्ही चालतात, अर्थ जवळपास तोच: स्टार्ट, बिगिन, कंटिन्यू, लाइक

साधारणपणे पुढे करायच्या गोष्टीसाठी ‘टू’ आणि केलेल्या किंवा अनुभवलेल्या गोष्टीसाठी ‘आयएनजी’ येतो. पण हा पक्का नियम नाही. ‘सजेस्ट’ पुढच्या गोष्टीबद्दल असूनही ‘आयएनजी’ घेतं.

अर्थच बदलतो तेव्हा

खरी काळजी इथे घ्यायला हवी.

स्टॉप: ‘ही स्टॉप्ड टेकिंग द मेडिसिन’ म्हणजे त्याने औषध घेणं बंद केलं. ‘ही स्टॉप्ड टू टेक द मेडिसिन’ म्हणजे औषध घेण्यासाठी तो थांबला. डॉक्टरांना मेसेज करताना ही चूक महागात पडू शकते.

रिमेंबर: ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायला विसरू नका. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं मला आठवतंय. ‘लावायला’ आणि ‘लावल्याचं’ हा फरक मराठीतही आहेच.

ट्राय: ‘ट्राय टू ओपन इट’ म्हणजे उघडायचा प्रयत्न करा. ‘ट्राय रीस्टार्टिंग द फोन’ म्हणजे फोन रीस्टार्ट करून बघा, कदाचित उपयोग होईल.

रिग्रेट: नोकरीच्या नकारात ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ असतं, म्हणजे कळवताना खेद होतोय. ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’ म्हणजे त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतोय.

मग ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग’ का?

कारण इथला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नाही, तो ‘इन’, ‘फॉर’, ‘अबाउट’ यांसारखा प्रिपोझिशन आहे. प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं तर ते ‘आयएनजी’ घेतं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे ‘टू’नंतर एखादं नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द वीकेंड’ चालतं, म्हणून ‘टू मीटिंग’. ‘वॉन्ट टू द वीकेंड’ चालत नाही, म्हणून ‘वॉन्ट टू मीट’.

‘यूज्ड टू’चंही तसंच. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग अ‍ॅट नाइट’ म्हणजे मला रात्री काम करायची सवय आहे. ‘आय यूज्ड टू वर्क अ‍ॅट नाइट’ म्हणजे पूर्वी करायचो, आता नाही. नाइट शिफ्टच्या मुलाखतीत दुसरं वाक्य बोललात, तर समोरचा भलताच अर्थ काढेल.

लक्षात कसं ठेवायचं?

यादी पाठ करण्यापेक्षा क्रियापद जोडीनेच शिका: ‘एन्जॉय डूइंग’, ‘डिसाइड टू डू’. शंका आली तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची विद्यार्थ्यांसाठीची डिक्शनरी बघा. त्यात क्रियापदाच्या अर्थासोबत त्यापुढे कोणतं रूप येतं, हेही उदाहरणासह दिलेलं असतं.