सरकारी वास्तूंची ओसरी

नगर हवेलीचा पोर्तुगीज कारभार पूर्वी दरारा या गावातून चाले. पुढे तो सिल्वासा येथे आला, आणि ११ फेब्रुवारी १८८५ च्या हुकुमाने त्या गावाला नगराचा दर्जा व नवे नाव मिळाले : ‘व्हिला द पासु द आर्कुश’. त्या काळचे गोव्याचे गव्हर्नर कोर्रैया दा सिल्व्हा यांच्या सरदारी किताबावरून हे नाव घेतलेले होते. लोकांनी ते कधी मनावर घेतले नाही. सिल्वासा हे सिल्वासाच राहिले. तथापि त्या विसरलेल्या नावाचा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘पासु’ म्हणजे राजवाडा आणि ‘आर्कुश’ म्हणजे कमानी. वाडा कोणाचा आणि कमानीखाली तिष्ठत कोणी उभे राहावयाचे, हा प्रश्न त्या नावातच दडलेला होता.

सरकारी इमारतींच्या दर्शनी दालनांची सुधारणा हा हल्ली निविदा, संगमरवर आणि कुंड्या यांचा विषय होऊन बसला आहे. मला तो इतिहासाचा विषय वाटतो. साहेबाच्या खोलीत नागरिक पाच मिनिटे असतो. ओसरीवर त्याचा अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसात समोरची भिंत त्याला काय सांगते, आणि त्याला बसावयास जागा आहे की नाही, यावरून राज्य आपले की परक्याचे हे त्याला कळते.

आपल्या वाचकांना हे देवालयाच्या उदाहरणाने चटकन पटेल. फोंडे महालातील आपली देवस्थाने पाहा. १५६० साली कुशस्थळीहून मंगेशाचे लिंग रात्रीच्या अंधारात प्रियोळास आणले गेले. पुढे तेथे जे देवालय वाढत गेले, त्यात गर्भगृह लहान आणि सभामंडप प्रशस्त, भोवती अग्रशाळा. गाभाऱ्यात मोजक्यांनाच प्रवेश; परंतु सभामंडपात टेकावयास कोणाची चिठ्ठी लागत नाही. सरकारी कचेरीची मांडणी नेमकी याच्या उलट असते : अधिकाऱ्याचे दालन प्रशस्त आणि लोकांनी थांबावयाची जागा चिंचोळी. मात्र एक भेद येथेच सांगून ठेवतो. कचेरी हे देवालय नव्हे. सभामंडपाचे औदार्य तिने जरूर घ्यावे, देव्हारा घेऊ नये; तिच्या उंबरठ्यावर नाना धर्मांची माणसे सारख्याच हक्काने येतात.

भिंतीवर काय असावे याचे दोन दाखले माझ्यासमोर आहेत. पहिला पणजीचा. आझाद मैदानालगतच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या रंगातील चित्रित फरशांचा एक मोठा पट आहे. जॉर्ज कोलासु या पोर्तुगीज कलावंताने १९३५ साली केलेल्या या कामाचा विषय कामोंइशच्या ‘लुझियाद’ महाकाव्यातील, म्हणजे पोर्तुगिजांच्या दर्यावर्दी पराक्रमाचा. येणाऱ्याने आत पाऊल टाकताच राज्य कोणाचे हे ओळखावे, हा त्यामागील हेतू उघड होता. १९६१ साली गोवा मुक्त झाला. मैदानातील मंडपाखालचा आल्बुकर्कचा पुतळा हलविला गेला आणि तेथे आज त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक आहे. वास्को द गामाच्या नावाने १८७१ साली निघालेल्या संस्थेला १९६३ मध्ये नवे नाव मिळाले. फरशा मात्र भिंतीवरच राहिल्या, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. प्रतिपक्षाने दाखल केलेला कागद आपल्याला अप्रिय आहे म्हणून कोणी वकील तो दप्तरातून फाडून टाकीत नाही. तो आपला कागद शेजारी दाखल करतो.

दुसरा दाखला मुंबईचा, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. २२ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली. (हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील होते, दैव असेही वागते.) १९५६ साली, स्वतंत्र भारताच्या त्याच न्यायालयाने, त्याच दालनाबाहेर संगमरवरी शिलालेख बसविला. शिक्षा ऐकण्यापूर्वी टिळकांनी जे उद्गार काढले ते त्यावर कोरलेले आहेत. अनावरण मुख्य न्यायाधीश मोहम्मदअली करीम छगला यांनी केले, आणि आपण प्रायश्चित्ताच्या भावनेने येथे आलो आहोत अशा आशयाचे ते बोलले. १८७८ सालच्या त्या इमारतीचे अशील, साक्षीदार आणि नवखे वकील आजही त्या शिळेजवळून जातात. सार्वजनिक जागेची याहून चांगली सुधारणा मला ठाऊक नाही. एक शिळा, आणि न्यायासनाने स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष.

छगलांचे नाव सिल्वासाच्या इतिहासातही येते, ते असे. मराठी आरमाराने पकडलेल्या पोर्तुगीज जहाजाची भरपाई, या निमित्ताने पेशव्यांनी १७ डिसेंबर १७७९ च्या तहात पोर्तुगिजांना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे मान्य केले. १७८३ आणि १७८५ मध्ये त्याप्रमाणे सनदा झाल्या. पाऊणे दोनशे वर्षांनी, २२ जुलै १९५४ ला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा स्वयंसेवकांनी मुक्त केले. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध फिर्याद लावली : दमणहून या मुलखात भारतीय भूमीवरून जाण्याचा आम्हांस हक्क आहे. भारताची बाजू मांडणाऱ्यांत ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड होते आणि न्यायासनावर भारतातर्फे छगला.

१२ एप्रिल १९६० चा तो निकाल प्रत्येक मराठी माणसाने समजून घ्यावा असा आहे. तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ तपासून न्यायालयाने सांगितले की, पेशव्यांनी पोर्तुगिजांना दिला तो केवळ महसुलाचा हक्क, म्हणजे जहागीर वा सरंजाम; सार्वभौमत्व नव्हे. पुढे इंग्रजी अमलात पोर्तुगीज सत्तेला मूक मान्यता मिळत गेली, हेही न्यायालयाने नोंदविले. मार्गाच्या हक्काबाबत त्याने जो भेद केला तो विशेष मार्मिक आहे. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना वाट मिळण्याचा हक्क १९५४ साली होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना तो नव्हता, असे आठ विरुद्ध सात मतांनी. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी. एका मताच्या फरकाने जेथे शस्त्राची वाट अडली, तेथे निःशस्त्र, सामान्य माणसाची वाट मोठ्या बहुमताने मान्य झाली.

या सामान्य माणसाची वाट सिल्वासाच्या कचेरीत कशी आहे, हा खरा प्रश्न. १९५४ पासून ११ ऑगस्ट १९६१ ला भारतात विलीनीकरण होईपर्यंत हा मुलूख वरिष्ठ पंचायतीच्या सल्ल्याने स्वतःच चालला. टपालाची पोर्तुगीज तिकिटे त्या काळी जाळली गेली नाहीत. त्यांवर मुक्त प्रदेशाची मोहोर उठवून तीच वापरली गेली. काटकसर म्हणा, पण मला त्यात इतिहासाची उत्तम समज दिसते. जमिनीचे मात्र इतके सोपे नव्हते. १९१९ चा पोर्तुगीज जमीन कायदा, त्याखालील ‘अल्वारा’ची दाने, मग १९७१ चा जमीन सुधारणा विनियम : या शब्दांनी आदिवासी कुटुंबांच्या पिढ्या कचेरीच्या पायऱ्या चढल्या. २००१ च्या जनगणनेत या प्रदेशात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६२ टक्के होते. २०११ मध्ये ते ५२ वर आले, कारण कारखानदारीबरोबर बाहेरून माणूस वाढला. आपल्याच गावात संख्येने आटत चाललेल्या माणसाला कचेरीचा उंबरठा अधिकच परका वाटणे स्वाभाविक आहे. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली व दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला असून त्याची राजधानी दमण आहे. जिल्ह्याचे ठाणे म्हणून सिल्वासाचे महत्त्व त्याने कमी होत नाही. दाव्यांचा शेवट तर पूर्वीप्रमाणेच मुंबई उच्च न्यायालयात, त्या शिळेच्या छताखाली होतो.

आदिवासी मुलखातील सरकारी भिंती रंगवावयाच्या म्हटले की पहिली सूचना वारली चित्रांची येते. वारल्यांचा लग्नचौक हे शोभेचे चित्र नव्हे. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने तो सुवासिनी लिहितात, त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरी गाणी म्हणते तेव्हा तो पुरा होतो. तो उचलून प्लास्टिक रंगात लिफ्टशेजारी काढावा, आणि वारली बाईने मात्र पोर कडेवर घेऊन दाराबाहेर उभे राहावे, हे मला अशोभनीय वाटते. आधी बाकडे, पाणी, या प्रदेशाच्या धुवाधार पावसात पुरेसे पुढे आलेले छप्पर, अर्ज लिहावयास एक मेज. चित्र त्यानंतर, आणि तेही वारल्यांना विचारून.

आणि एक भिंत इतिहासाला द्यावी. तिच्यावर तहाचे सतरावे कलम असावे, १९५४ च्या तारखा असाव्यात, हेगच्या निकालाचा सारांश असावा, आणि १९१९ पासून १९७१ पर्यंत जमिनीचे काय झाले तेही, गोडवा न मिसळता. ‘सरंजाम’ या शब्दाचा अर्थ तेथे साध्या भाषेत सांगावा. मजकूर मराठी, गुजराती आणि हिंदीत असावा. वारलीला स्वतःची लिपी नाही, म्हणून तो देवनागरीत वारलीतही लिहावा. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो वाचून दाखविण्याचे काम खिडकीशी बसलेल्या कारकुनाच्या कामांच्या यादीत लेखी घालावे, नाहीतर ते कोणी करणार नाही.